स्कूबा शिकायचं तर आधी शिकवणारा पारखा

नांदेड-लातूरकडच्या सहलीच्या गाड्या दिवाळीच्या सुट्टीत कोकणात उतरल्या की त्यांचा एक मुक्काम हमखास मालवणला पडतो. सिंधुदुर्ग किल्ला पाहून होतो, मासे खाऊन होतात आणि मग कोणीतरी विचारतं, ‘स्कूबा करायचा का?’ पाठीवर सिलिंडर चढतो, तोंडात नळी येते, एक गाइड मागून धरून पाण्याखाली फिरवून आणतो. रंगीत मासे दिसतात, व्हिडिओ मिळतो आणि रात्रीपर्यंत तो सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर पोचतो. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथला माणूस समुद्राच्या तळाशी जाऊन हात हलवतोय, याचं कौतुक वाटणारच.

पण हा झाला अनुभव. शिक्षण ही वेगळी गोष्ट आहे. अनुभवाच्या बुडीत तुमचा जीव पूर्णपणे गाइडच्या हाती असतो. जॅकेटमधली हवा तो कमीजास्त करतो, खोली तो ठरवतो, वर कधी यायचं तेही तोच ठरवतो. शिकलेला डायव्हर हे सगळं स्वतः करतो आणि गरज पडली तर जोडीदारालाही सांभाळतो. ज्यांना पहिल्या बुडीनंतर ‘हे नीट शिकलं पाहिजे’ असं वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यात मुख्य सांगणं एवढंच, की या खेळात समुद्र कुठला आणि सामान कुठल्या कंपनीचं, यापेक्षा शिकवणारा कोण, हा प्रश्न मोठा आहे. असं का, ते समजायला पाण्याखाली शरीराचं काय होतं ते आधी पाहावं लागेल.

विहिरीतला दम, सिलिंडरमधली हवा

मराठवाड्यात पोहणं शिकायची जुनी शाळा म्हणजे विहीर. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर हवाबंद डबा, कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक काठावर उभ्या असलेल्या काकाच्या नाहीतर थोरल्या भावाच्या हातात. एका उन्हाळ्यात डबा सुटतो, दुसऱ्या उन्हाळ्यात पोरगं मोटेच्या धावेवरून मुटके मारायला लागतं. मग पैज लागते ती तळ गाठायची. दम धरून खाली जायचं आणि मूठभर गाळ वर आणून दाखवायचा. या शाळेत शिकलेल्याची पाण्याची भीती कायमची जाते आणि स्कूबा शिकताना हे भांडवल फार कामाला येतं. पण याच शाळेतली एक सवय स्कूबात जिवावर बेतू शकते. ती म्हणजे दम धरण्याची.

विहिरीत बुडी मारणारा हवा घेतो ती काठावरची. समजा त्याच्या छातीत सहा लिटर हवा आहे. पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वर हवेचा दाब एक, दहा मीटर खाली दोन, वीस मीटरवर तीन. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं. हा बॉइलचा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो. म्हणजे दहा मीटर खाली त्याच्या छातीतली सहा लिटर हवा आक्रसून तीन लिटर होते आणि वर आल्यावर पुन्हा सहा लिटर. छातीला काही इजा होत नाही.

सिलिंडर घेऊन गेलेल्याचं गणित उलटं आहे. तो हवा घेतो ती तळाशी. तोंडातला रेग्युलेटर त्याला आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देतो, म्हणून तर त्या खोलीवर श्वास घेता येतो. दहा मीटरवर त्याने छाती भरून सहा लिटर घेतली आणि घाबरून, दम धरून, सरळ वर धाव घेतली, तर ती हवा पृष्ठभागाशी बारा लिटर व्हायला पाहते. छाती काही बारा लिटरची नसते. फुप्फुसाचे नाजूक पापुद्रे फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत पोचले तर माणूस पाण्याबाहेर आल्यावर काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. यासाठी फार खोलही जावं लागत नाही. सव्वा-दीड मीटरवरून भरल्या छातीने, दम धरून वर आलं तरी इजा होऊ शकते, कारण दाबातला बदल पृष्ठभागाजवळच सगळ्यात झपाट्याने होतो. म्हणूनच स्कूबाचा पहिला नियम आहे, श्वास कधीही रोखायचा नाही. सावकाश, अखंड घेत-सोडत राहायचं. पट्टीच्या पोहणाऱ्याला हा नियम एका वाक्यात समजतो, पण अंगात मुरायला वेळ लागतो. तो मुरवून घेणं हे शिक्षकाचं काम.

इथेच एक गैरसमजही दूर करू. पाठीवरचा सिलिंडर ऑक्सिजनचा नसतो. त्यात गाळून, दाबून भरलेली साधी हवा असते. सर्रास वापरला जाणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर अकरा लिटरच्या आसपास असतो आणि २०० बारच्या दाबाने त्यात साधारण २,२०० लिटर हवा मावते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली घेतला, तर विषासारखा काम करून झटके आणू शकतो.

कान, नायट्रोजन आणि घाटाचा रस्ता

दोन-तीन मीटर खाली गेलं की कानात दुखायला लागतं. बाहेरून पाणी पडद्याला आत दाबतं आणि आतली हवा आक्रसलेली असते. नाक चिमटीत धरून हलकेच हवा दिली की घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दाब सारखा होतो. हे दुखायच्या आधी करायचं, दर अर्ध्या-एक मीटरला करायचं आणि जमलं नाही तर जोर न लावता थोडं वर येऊन पुन्हा करायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही. सहलीचा शेवटचा दिवस आहे, पैसे भरलेत, म्हणून नाक चोंदलेलं असताना उतरवणारा माणूस शिक्षक म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही.

तिसरा धडा नायट्रोजनचा. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. दाबाखाली श्वास घेतला की तो रक्तात आणि ऊतींमध्ये जास्त विरघळतो. हळूहळू वर आलं तर तो फुप्फुसावाटे निघून जातो. घाईने आलं तर त्याचे शरीरातच बुडबुडे होतात. सांधे दुखणं, हातपाय बधिर होणं, इथपासून पक्षाघातापर्यंत त्याचे परिणाम होतात. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी सहकाऱ्यांबरोबर बकऱ्यांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं १९०८ साली प्रसिद्ध केली. आज मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर करतो ती आकडेमोड त्याच विचाराची वारस आहे. शौकिया डायव्हरला शिकवतात ते साधं असतं. मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

मराठवाड्याच्या माणसाला या धड्याला एक पुरवणी जोडून घ्यावी लागते. बुडी संपली तरी जादा नायट्रोजन काही तास अंगात राहतो. म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्या झाल्या असतील तर १८ तास विमानात बसू नये, असा सल्ला देतात. विमानाचं सगळ्यांना पटतं, घाटाचं कोणी बोलत नाही. मालवणहून घरी यायचं तर फोंडा, गगनबावडा नाहीतर आंबोली, कुठला तरी घाट चढावाच लागतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे, लातूर सुमारे ६३० मीटरवर. विमानाचे ते नियम ६०० मीटर आणि त्यावरच्या उंचीसाठी मांडलेले आहेत, म्हणजे आपलं घरच त्या रेषेवर बसतं. पाच-सहा मीटरच्या एका छोट्या बुडीने यात विशेष बिघडत नाही. पण चार दिवसांचा कोर्स करून, शेवटची खोल बुडी दुपारी मारून त्याच संध्याकाळची गाडी पकडणं टाळावं. एक रात्र किनाऱ्यावर काढावी. मुंबईच्या विद्यार्थ्याला ही सूचना करायची गरज नसते. लातूरच्या विद्यार्थ्याला असते. ‘कुठून आलात, परत कधी आणि कसे जाणार?’ हे पहिल्याच दिवशी विचारणारा शिक्षक भेटला, तर समजावं की माणूस जाणता आहे.

गुडघाभर धीर

स्कूबाचं आजचं सामान झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी १९४३ साली फ्रान्समध्ये सिद्ध केलेल्या ‘ॲक्वा-लंग’मधून आलं. सामान बाजारात आलं आणि ते वापरायला शिकवणारी व्यवस्था मागाहून उभी राहिली. ‘पॅडी’ ही आज सर्वांत पसरलेली प्रशिक्षण संस्था अमेरिकेत १९६६ साली सुरू झाली. एसएसआय, नाउई, सीमास याही अशाच मान्यताप्राप्त संस्था. पॅडीचा पहिला पूर्ण कोर्स ‘ओपन वॉटर डायव्हर’. वय किमान दहा वर्षं. थोडी पुस्तकी तयारी, तलावात किंवा उथळ शांत पाण्यात पाच सत्रं, मग समुद्रात चार बुड्या. न थांबता २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं हेही करून दाखवावं लागतं. पास झालेल्या प्रौढाला जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाता येतं.

यातला एक पाठ जवळून पाहू, म्हणजे शिक्षकाचा कस कुठे लागतो ते कळेल. मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढणं. कमरेएवढ्या पाण्यात विद्यार्थी गुडघ्यावर बसतो, तोंडात रेग्युलेटर, समोर हाताच्या अंतरावर शिक्षक. शिक्षक आधी स्वतः करून दाखवतो. मास्कची वरची कड बोटाने जरा उचलायची, पाणी डोळ्यांपर्यंत येऊ द्यायचं, मग कड कपाळाशी दाबून, मान किंचित वर करून, नाकाने एक लांब उच्छ्वास सोडायचा. हवा वर साठते आणि पाणी खालून निघून जातं. बघायला सोपं. पण नाकाशी पाणी आलं की माणूस सवयीने नाकानेच श्वास घेतो. ठसका लागतो, डोळे मोठे होतात, हात मास्ककडे आणि पाय जमिनीकडे जातात आणि तो ताडकन उभा राहतो.

इथे तो उभा राहू शकतो, म्हणून तर हा पाठ इथे घेतात. हीच धांदल पंधरा मीटरवर झाली तर तो वर पळेल, तेही दम धरून. त्याचा परिणाम वर सांगितलाच आहे. कच्चा शिक्षक एकदा जमलं की पुढच्या पाठाकडे वळतो. पक्का शिक्षक तेच पुन्हा करून घेतो, आधी अर्धं पाणी, मग भरलेला मास्क, मग मास्क पूर्ण काढून, डोळे मिटून, फक्त तोंडाने मिनिटभर श्वास घेत बसणं. विद्यार्थ्याच्या बुडबुड्यांची लय सावकाश झाली की तो समजतो, आता जमलं. तोंडातून निघालेला रेग्युलेटर शोधणं, हवा संपल्याची खूण करून जोडीदाराचा जादा रेग्युलेटर घेणं, ना बुडत ना तरंगत एका जागी राहणं, हे सगळे पाठ याच रीतीने चालतात. खुणांची भाषाही घोटून घ्यावी लागते. आपण ‘झकास’ म्हणून अंगठा दाखवतो. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ ‘वर चला’. ‘ठीक आहे’ म्हणायला अंगठा आणि तर्जनीची गोल कडी करायची. नवखा माणूस आनंदाने अंगठा दाखवतो आणि गाइड त्याला वर घेऊन येतो, हा प्रकार रोज घडतो.

पाण्याखाली भीती ही अपघाताची आई असते. सामान क्वचित दगा देतं, माणूस गडबडतो. म्हणून शिक्षकाचं अर्धं काम तंत्र शिकवण्याचं आणि अर्धं माणूस ओळखण्याचं. कोण गप्प झालाय, कोण उगाच हसतोय, कोण मित्रांसमोर नाही म्हणायला लाजतोय, हे त्याला बोटीवरच दिसलं पाहिजे. यात भाषेचाही भाग आहे. घाबरलेल्या माणसाला आपल्या बोलीत सांगितलेलं पटकन कळतं. मराठी माणसाची यात सोय आहे. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग आणि जलक्रीडा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे प्रशिक्षणासाठी मुद्दाम बांधलेला खोल तलाव आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा या संस्थेच्या जडणघडणीत मोठा वाटा आहे. त्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या घरांतली अनेक मुलं आज प्रशिक्षित डायव्हर आहेत.

निवड कशी करायची

पाण्याखालचंच पाहून चालत नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट किनाऱ्यालगत उलटली आणि दोघांचा जीव गेला. बुडी नीट झाली होती. घात झाला तो परतीच्या वाटेवर, खवळलेल्या पाण्यात. आज उतरायचं नाही, हे सांगायचं धैर्य ज्याच्याकडे आहे तोच खरा शिक्षक. पावसाळ्यात, मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जलक्रीडा बंद असतात. त्या काळात कोणी ‘गुपचूप करून देतो’ म्हणाला, तर तिथूनच परत फिरावं.

लातूरच्या ट्यूशन एरियात मुलाचं नाव घालताना पालक काय काय विचारतात ते आठवा. फिजिक्सला सर कोण? बॅचमध्ये मुलं किती? मागच्या वर्षीचा निकाल काय? सर स्वतः शिकवतात की दुसऱ्याच्या हाती सोपवतात? एका ‘लातूर पॅटर्न’ने या जिल्ह्याला शिक्षकाची पारख शिकवली. तीच माणसं समुद्रावर गेली की एकच प्रश्न विचारतात, ‘किती घेणार?’ वर घासाघीसही करतात. स्वस्त बुडीत पैसे वाचतात ते कुठून? एका गाइडमागे माणसं वाढवून, वेळ कापून आणि सामानाची देखभाल पुढे ढकलून.

ट्यूशनचे तेच प्रश्न इथेही विचारा. शिकवणारा इन्स्ट्रक्टर आहे की नुसता गाइड? पॅडीचा इन्स्ट्रक्टर व्हायला किमान १८ वर्षं वय, शंभर बुड्यांची नोंद आणि बाहेरच्या परीक्षकासमोर परीक्षा लागते. त्याला सदस्य क्रमांक असतो आणि तो चालू आहे की नाही, हे संस्थेच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतं. क्रमांक मागितल्यावर जो चिडतो त्याला सोडून द्यावं. एका शिक्षकामागे किती जण? ओपन वॉटर कोर्समध्ये समुद्रात जास्तीत जास्त आठ आणि पहिल्या अनुभवाच्या बुडीत चार, ही पॅडीची कमाल मर्यादा आहे. मालवणच्या पाण्यात कधी कधी चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नाही, अशा दिवशी शहाणा शिक्षक याहून कमी घेतो. आरोग्याचा फॉर्म भरून घेतात का? दमा, फिट येणं, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांचं पत्र मागितलं पाहिजे. फॉर्म ‘सही करा, बाकी आम्ही भरतो’ म्हणून पुढे सरकवला, तर तो इशारा समजा. बोटीवर ऑक्सिजनचा संच आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का? महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? एवढं विचारायला दहा मिनिटं लागतात.

गोव्यात, अंदमानात, नेत्राणीत कुठेही शिकलात तरी हीच यादी चालते. घरून जाताना मात्र एक तयारी करून जा. विहिरीत चार हात मारता येणं निराळं आणि दोनशे मीटर न थांबता पोहणं निराळं. नांदेडच्या किंवा लातूरच्या तलावावर महिनाभर आधी सुरुवात करा. जबर वेग नको, दमसास हवा.

शेवटी एक सूचना, विशेषतः नांदेडच्या तरुणांसाठी. विष्णुपुरीच्या जलाशयात किंवा गोदावरीच्या घाटावर कोणी बुडालं, की काठावरची धाडसी मुलं पाण्यात उड्या घेतात. उद्या तुमच्या खिशात स्कूबाचं कार्ड असेल आणि लोक तुमच्याकडे आशेने बघतील. त्या कार्डाने तुम्हाला शांत, स्वच्छ पाण्यात, जोडीदारासोबत फिरायची परवानगी दिली आहे. गढूळ पुरात, हाताने चाचपडत, काटेरी झुडपं आणि मासेमारीच्या जाळ्यांमधून शोध घेणं हे पूर्ण निराळं शास्त्र आहे. ते काम एनडीआरएफ, एसडीआरएफ, अग्निशमन दल आणि नदीची खोड ओळखणाऱ्या जीवरक्षकांचं. दोर टाका, लाकडी बल्ली टाका, फोन करा, पण अर्धवट शिक्षणावर उडी घेऊ नका. आपल्याला काय येत नाही, हे ज्या शिक्षकाने तुम्हाला नेमकं सांगितलं, त्याची फी वसूल झाली असं समजा.